कोंबड्याच्या डोक्यावर मोराचा तुरा

जर्मनीहून ईमेल आला तेव्हा मी म्हटलं, आले लॉटरीवाले! बँकेत जन्म गेला लोकांच्या सह्या पडताळण्यात. मला सरळ माणूसही वाकडाच दिसतो. कुणी म्हातारा लिहीत होता की त्यांच्या गावचा फुटबॉल क्लब बंद पडला, त्याचा इतिहास तो लिहितोय, आणि क्लबचे टॉवेल सोलापुरात विणले होते. वडिलांचं नाव आणि माझा पत्ता त्याला कारखान्याच्या मालकाच्या नातवाने दिला म्हणे. मग तर नक्कीच काहीतरी काळंबेरं!

"भरपाई मागत असणार," मी आईला म्हणालो.

वडील गेले तरी त्या टॉवेलांचा विषय आमच्या घरात कुणी काढत नसे. वडील कारखान्यात चादरींची नक्षी काढायचे, रोज मोरच मोर. क्लबच्या बिल्ल्यावर होता कोंबडा. सवयीच्या हाताने त्याच्या डोक्यावर मोराचा तुरा चढवला. पुढे मालकाने सांगितलं, तुमच्या मोरापायी सगळा माल परत आला. वडिलांना नक्षीच्या टेबलावरून उठवून गाठोडी बांधायला बसवलं. नंतर त्यांनी माझ्या वहीत साधं फूलसुद्धा काढून दिलं नाही. आणि मी, भांडण झालं की म्हणायचो, "तुम्हाला कोंबडा न् मोर कळत नाही!" ते आठवलं की स्वतःचीच लाज वाटते.

म्हाताऱ्याची परीक्षा घ्यायची म्हणून विचारलं, टॉवेलवरच्या पक्ष्यात वेगळं काय आहे?

उत्तर आलं : तुरा! त्याचंच तर कारण हवंय. आधी गाव हसलं, मग टॉवेल हातोहात खपले, एकही उरला नाही. पुढच्या वर्षी क्लबने झेंड्यावरच्या कोंबड्यालाही तुरा लावला. मग गावची गिरणी बंद झाली, पोरं पांगली, अकरा जण जमेनात, आणि क्लब मोडला. सोबत फोटो होता. मैदानाच्या गंजक्या फाटकावर पत्र्याचा कोंबडा, डोक्यावर तुरा.

खोटा असेल म्हणून मी फोटो मोठा करून करून बघितला. छे! पाच पिसं, मधलं जरा डावीकडे कललेलं. माझ्या पलंगावर वडिलांच्या नक्षीची चादर आहे, तिच्यातल्या मोराचा तुराही अस्साच.

आईला सगळं वाचून दाखवलं. तिने पदराने मोबाइल पुसला आणि फोटो डोळ्यांजवळ नेला.

"सगळं खपलं म्हनतोय व्हय त्यो? परत न्हाय आलं?"

"नाही."

"मग ह्यास्नी टेबलावरनं का उठिवलं रं?"