आबांचा आशीर्वाद आणि माझा डावा हात

जळगावात मी रिक्षात बसलो की रिक्षावाला आरशातून बघत विचारतो, तुम्ही आबांचे ना? हो म्हटलं की तो मागे वळून माझी मूठ बघायला मागतो. मी दाखवतो. तो ती दाबून बघतो आणि रिक्षा पुढे घेतो. भाजीवाल्यानं बघितली आहे, न्हाव्यानं बघितली आहे, दात काढायला गेलो तेव्हा डॉक्टरांनीही आधी मूठच बघितली. बघून झाल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर जे येतं त्याची आता मला सवय झाली आहे.

आबा म्हणजे माझे वडील. एके काळी आमच्या खानदेशात बॉक्सिंग म्हटलं की आबाच. धुळ्यात त्यांनी एकाला असा ठोसा हाणला की त्याच्या तोंडातलं दात वाचवायचं रबर उडून शेंगदाणेवाल्याच्या टोपलीत पडलं, ही गोष्ट मी पारोळ्यात ऐकली. अमळनेरात ऐकली तेव्हा टोपलीत रबराबरोबर दोन दातही होते. दोंडाईच्यापर्यंत पोचेस्तोवर शेंगदाणेवालाही आडवा झाला होता. आबा स्वतः यातलं काही सांगत नाहीत आणि खोडूनही काढत नाहीत.

अशा माणसाच्या पोरानं गुपचूप बुद्धिबळ खेळावं. पण मला दुर्बुद्धी झाली आणि मी हातमोजे घातले. दिवसा पाइपच्या कारखान्यात हिशेबाचं काम आणि संध्याकाळी ठोसे. आबांकडून मी एक अक्षरही शिकलो नाही. आयतं मिळालं असं कोणी म्हणू नये म्हणून बाहेर प्रशिक्षक धरला, उरलेलं मोबाइलवर बघून शिकलो आणि घराच्या गच्चीवर घोटवलं. आबांनीही कधी तोंड उघडलं नाही. मी काही बोलण्याच्या लायकीचा नाही असं त्यांना वाटत असणार, हे मी मनाशी पक्कं करून टाकलं होतं. राज्य स्पर्धेला माझी निवड व्हावी हे खरंच, पण त्याहून जास्त मला काय हवं होतं तर आबांनी एकदा तरी म्हणावं, बरा खेळतोस.

यंदा धुळ्याला निवड चाचणी होती आणि प्रमुख पाहुणे म्हणून संयोजकांनी बोलावलं कोणाला, तर आबांना. इकडे आमच्या गल्लीनं आधीच फ्लेक्स लावला. त्यावर आबांचा फोटो खिडकीएवढा आणि मी खाली, शुभेच्छुकांच्या रांगेत, डावीकडून तिसरा. खेळणार कोण आहे हे परक्या माणसाला कळायला मार्गच नव्हता. वजन वाढू नये म्हणून ऐन भरिताच्या दिवसांत मी उकडलेले मूग चघळत होतो, आणि माझ्यासमोर बसून घरचे भरीत-पुरीचा फडशा पाडत होते. आबा तर दोनदा वाढून घेत.

धुळ्यात माझी लढत शेवटची होती. समोर दोंडाईच्याचा गडी, मिरचीच्या बाजारात पोती उचलणारा, खांदे बघून मी त्याचं वजन पुन्हा विचारून घेतलं. आम्ही दोघं अंग गरम करून रिंगमध्ये उभे राहिलो तेवढ्यात सत्कार सुरू झाला. शाल, नारळ, फेटा, मग दुसऱ्या मंडळाची शाल. निवेदकानं शेंगदाणेवाल्याची गोष्ट सांगितली, त्यात आता टोपलीच फुटली होती. आमचं गरम झालेलं अंग गार पडलं. शेवटी आबांच्या हातात माइक दिला. आबा दोन वाक्यं बोलले आणि माइक हातातच धरून उभे राहिले, कारण परत कोणाकडे द्यायचा हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

तेवढ्यात दोंडाईच्याचा गडी दोरीतून वाकून बाहेर पडला आणि थेट आबांच्या पायाशी गेला. आमच्याकडे पाया पडणाऱ्याला कोणी रिकामं परतवत नाही, मग तो कोणीही असो. आबांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. यशस्वी हो, असं सगळ्या सभागृहाला ऐकू आलं. मी मान खाली घातली. वाटलं, इतकंच झालं, चालायचं. पण तो गडी हात जोडून तसाच उभा राहिला.

"आबा, माले काहीतरी सांगा ना."

आबांनी माझ्याकडे बघितलं. मग त्याच्याकडे बघितलं. आणि अगदी शांतपणे, माइक तोंडापाशी धरून, सांगितलं.

"त्याना डावा हात ठोसा मारा का खाले पडस. तठेच मार."

ठोसा मारला की माझा डावा हात खाली पडतो, तिथेच मार, हे सभागृहातल्या शेवटच्या रांगेलाही कळलं. माझे प्रशिक्षक डोक्यावर टॉवेल घेऊन खाली बसले. पंचांनी घंटा वाजवायला लावली, दुसरं ते तरी काय करणार. पहिल्या फेरीत मी डावा हात हनुवटीला असा चिकटवून ठेवला की बघणाऱ्याला माझी दाढ दुखतेय असं वाटावं. एका हातानं बॉक्सिंग होत नाही हे मला लवकरच कळलं. लोक तर खुशीत होते. मागच्या रांगेतली म्हातारी माणसंही डावा, डावा म्हणून ओरडत होती, आणि ती कोणाच्या बाजूनं ओरडत होती ते त्यांनाच ठाऊक. दुसऱ्या फेरीत माझं डोकं फिरलं. मी डाव्यानं मनापासून एक ठोसा लगावला, हात खाली पडला, आणि आबांचा आशीर्वाद फळाला आला.

मी गुणांवर हरलो. त्या गड्यानं मला मिठी मारली आणि पुन्हा जाऊन आबांच्या पाया पडला.

परतीच्या एसटीत आबा खिडकीशी बसले, मांडीवर दोन शाली आणि नारळ. माझा डावा डोळा सुजून बंद झाला होता. मी एरंडोलपर्यंत बोलायचं नाही असं ठरवलं होतं, पण धुळं सुटून फागणं यायच्या आतच फुटलो. म्हटलं, जन्मात एकदा तुम्ही कोणाला काही शिकवलंत आणि ते माझ्यासमोरच्याला? आणि माझा हात पडतो हे तुम्हाला कळलं कुठून, तुम्ही तर मला कधी बघितलंच नाही.

आबा म्हणाले, बघायला कशाला लागतंय. गच्चीखालीच त्यांची खाट आहे. मी वर नाचतो ते सगळं छतातून ऐकू येतं. डावा ठोसा मारला की माझा पुढचा पाय जोरात आपटतो. पाय असा आपटला की तोल पुढे जाणार, आणि तोल गेला की हात खाली येणार. किती वर्षं रोज ऐकतोय, असं म्हणून त्यांनी नारळ या मांडीवरून त्या मांडीवर घेतला.

"मंग माले कसाले नही सांगं?"

"त्यानी इचारं, मी सांगं. तू कधी इचारंच नही."

मला वाटत होतं की ते माझ्याशी बोलत नाहीत, आणि हा माणूस रोज संध्याकाळी छताकडे कान लावून पडलेला होता. पारोळा आलं, माणसं चढली, उतरली. बस परत सुटल्यावर मी विचारलं, आबा, मग पाय कसा ठेवायचा?

आबा लगेच उठले. शाली माझ्या अंगावर टाकल्या, नारळ शेजारच्या बाईंच्या हातात दिला आणि चालत्या बसमध्ये मधल्या जागेत पाय रोवून उभे राहिले. कंडक्टर बसा म्हणाला, ते बसले नाहीत. मलाही उभं केलं. माझा डावा हात मनगटाशी धरून त्यांनी हनुवटीपाशी नेला, आणि खड्डा आला तरी सोडला नाही. मला रडू आलं. एक डोळा बंदच होता, त्यामुळे अर्ध्या बसला ते दिसलं नाही.