बाही पुरी होईस्तोवर

मुरबाडच्या वीज कार्यालयातल्या तक्रार खोलीत फोन लागला की पलीकडून "बोला, कुठली लाइट?" असा आवाज येई आणि त्या आवाजामागे सुया एकमेकींवर घासल्याची बारीक टिकटिक. रिसीव्हर डावा खांदा आणि गाल यांच्यामध्ये दाबलेला, मांडीवर लोकरीचा गुंडा, दोन्ही हात विणकामात. गेलेली वीज कधी येईल हे दत्तूभाऊ मिनिटांत सांगत नसत. "अजून पाच-सा ओळी," म्हणत. बिघाड मोठा असला तर "बाही पुरी होईस्तोवर येईल." नव्याने राहायला आलेल्यांना ही थट्टा वाटे. जुन्या लोकांना दत्तूभाऊंची बाही किती वेळात पुरी होते याचा अंदाज होता आणि त्या हिशेबाने ते दळण घेऊन घराबाहेर पडत.

समोर माणूस येऊन उभा राहिला तरी भाऊ मान वर करत नसत. मीटरची तक्रार घेऊन आलेल्या एका गृहस्थांनी चिडून विचारलं होतं, "माणसाकडे बघून बोलायची रीत नाही का तुमच्यात?"

"कान तुमच्याकडंच हायेत," भाऊ म्हणाले. "डोळं कामात हायेत. तुमी बोला."

बाजारपेठेत त्यांना शिष्ट म्हणणारे बरेच होते. आमचं घर त्यांच्या घरासमोर. मान वर न करण्याचं कारण काय, हे आमच्या घरात माहीत होतं.

दत्तूभाऊ मूळचे वायरमन. टोकावड्याच्या बाजूची बरीचशी लाइन त्यांच्या हाताखालून गेलेली. नव्या माणसांना ते एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत, "उन्हाळ्यात तार खेचून बांधली का थंडीत आखडून तुटते. झोल ठेव." झोल म्हणजे दोन खांबांमधल्या तारेला दिलेली ढील. एका दुपारी बंद केलेल्या लाइनीवर ते काम करत होते. कुणाच्या तरी घरच्या जनरेटरचा करंट त्या लाइनीत उलटा आला. कमरेच्या पट्ट्यामुळे ते खाली पडले नाहीत, पण उजवा हात भाजला. जखमा भरल्या, बोटं मात्र वळेनात. त्यांना तात्पुरतं तक्रार खोलीत फोनवर बसवण्यात आलं. हात बरा झाला तर पुन्हा खांब, नाही तर निवृत्तीपर्यंत फोन, असं ठरलं.

दवाखान्यातून व्यायामासाठी रबरी चेंडू मिळाला होता. "चेंडू कुत्र्याला देतात," म्हणून भाऊंनी तो कपाटावर टाकला. तेव्हा मंदाकाकूंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, त्यांच्या हातात विणायच्या सुया दिल्या. काकूंचं माहेर वाशिंदचं. तिथे कारखान्याच्या वसाहतीत एका शेजारणीकडून त्या विणकाम शिकल्या होत्या आणि केवळ आवड म्हणून बारा महिने विणत. मुरबाडात स्वेटर घालण्याजोगी थंडी जेमतेम पडते, याचा त्यांच्यावर परिणाम नव्हता. आळीत जन्मलेल्या प्रत्येक बाळाच्या डोक्यावर काकूंचं टोपरं असे. टीव्हीवरच्या मालिका बघत, भांडणं ऐकत, क्वचित स्वतः भांडतही त्या विणत. सुयांकडे बघायची त्यांना गरज पडत नसे.

भाऊंनी पहिला स्वेटर स्वतःसाठी विणला. वायरमनचा हात, सगळी ताकद लोकर ओढण्यात. स्वेटर पुरा झाला तेव्हा तो जमिनीवर ठेवला तर उभा राहील इतका कडक होता. गळ्यातून डोकं जाईना. भाऊ आत अडकून धडपडत असताना काकू शांतपणे म्हणाल्या, "राहू द्या. खांबाला घाला." मग थोड्या वेळाने, "वीस वर्स ऐकतेय मी. झोल ठेव, झोल ठेव. तारेला ठेवता, लोकरीला नाय?"

स्वेटर उसवला गेला. दुसऱ्यांदा विणला तेव्हा गळ्यातून डोकं गेलं, आणि बोटंही हळूहळू वळू लागली.

नाक्यावरच्या चहावाल्याने विचारलं, "काय दत्तूभाऊ, बाळंतपण कुणाचं?"

"तारच हाय ही पण," भाऊ म्हणाले. "करंट नाय, येवढाच फरक. तुझं माप देऊन ठेव." त्या वर्षीच्या थंडीत चहावाला दत्तूभाऊंची कानटोपी घालून चहा उकळत होता.

दोघं नवरा-बायको संध्याकाळी ओटीवर शेजारी बसून विणत. माझ्या आईला एक गोष्ट खटकत होती आणि तिने ती काकूंना विचारली. "मंदा, हात बरा झाला का तो परत खांबावर चढंल. तुला नकोय ना ते? मग शिकवतेस कशाला?"

"नकोच हाय," काकू म्हणाल्या. "जीव टांगणीला लागतो. पण हात त्यांचा हाय. तो मी आखडलेला ठेवू का?"

डॉक्टरांनी हात तपासला. मूठ वळते, पकड आहे, पाना फिरवता येतो. कामावर जाण्यास योग्य, असं लिहून मिळालं. भाऊंनी कमरेचा पट्टा उन्हात घातला, त्याचं बक्कल तेल लावून पुसलं. सोमवारी खांबावर रुजू व्हायचं होतं.

शनिवारी संध्याकाळी विणताना भाऊंनी कुणाला तरी हाक मारायला मान वळवली. पुन्हा सुयांकडे बघितलं तर एक टाका सुटून चार ओळी खाली गळत गेला होता. टाका सुईवरून उतरताना बोटांना कळलंच नव्हतं. असं आधीही झालं होतं, पण त्यांनी ते नवशिकेपणावर ढकललं होतं. काकू शेजारी मालिकेकडे बघत भराभर विणत होत्या. भाऊ बराच वेळ त्यांच्या बोटांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मी डोळे मिटतो. माझ्या बोटांत कधी लोकर दे, कधी सुई दे. मी वळखतो."

काकूंनी हातातलं विणकाम खाली ठेवलं. "माझ्याकडून नको," त्या म्हणाल्या. "मला तुमी खालीच हवेत. मी खोटं बोलंन." आणि त्यांनी रस्त्यापलीकडून माझ्या आईला हाक मारली.

मी आईच्या मागून गेलो. भाऊ डोळे मिटून, उजवा हात पुढे करून बसले होते. आईने त्यांच्या बोटांच्या टोकांवर लोकरीचा धागा ठेवला. "सुई," भाऊ म्हणाले. आईने सुई ठेवली. भाऊ थांबले. "दे की गो काय तरी," ते म्हणाले.

"दिलंय," आई म्हणाली.

भाऊंनी डोळे उघडले, बोटांवरची सुई बघितली आणि आईला चहा घेऊन जा म्हणाले. काकू चहा ठेवायला आत गेल्या त्या बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

सोमवारी भाऊ साहेबांसमोर उभे राहिले. त्यांनी सांगितलं ते नंतर कार्यालयात अनेकांनी जसंच्या तसं सांगितलं. "साहेब, पकड हाय, पण बोटाला खबर नाय. पावसात, अंधारात वर गेलो तर हातात काय हाय ते मला कळायचं नाय. माझ्यामुळं खालचा माणूस मरंल. फोनवर ऱ्हाऊ द्या." पट्टा त्यांनी साहेबांच्या टेबलावर ठेवला.

त्यानंतर निवृत्तीपर्यंत ते तक्रार खोलीत होते. कार्यालयातल्या प्रत्येक वायरमनला त्यांच्या हातची कानटोपी मिळाली. माणूस खांबावर असेपर्यंत ते विणकाम खाली ठेवत नसत आणि फोनवर घाई करणाऱ्याला सांगत, "पोरगा वर हाय. तो उतरू दे, मग बोल."

निवृत्तीनंतर मी त्यांच्याकडे गेलो ती संध्याकाळची वेळ होती. टीव्ही चालू होता. काकू टीव्हीकडे बघत विणत होत्या, भाऊ सुयांकडे बघत. मालिका त्यांना नुसती ऐकू येत होती. मध्येच ते विचारत, "आता कोण आली?" आणि काकू सांगत, "सासू. रागात हाय. हिरवी साडी."

वीज गेली. भाऊंच्या सुया तिथल्या तिथे थांबल्या. मी मोबाइलची बॅटरी लावायला लागलो तर काकू म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे, येईल." त्यांच्या सुयांची टिकटिक चालूच होती.

बाहेरून कुणीतरी सवयीने ओरडलं, "दत्तूभाऊ, किती ओळी?"

"मला इचारू नको," भाऊ अंधारातून म्हणाले. "माझं काम बंद हाय."

काकू हातातली ओळ संपेपर्यंत थांबल्या. मग दाराकडे तोंड करून मोठ्याने म्हणाल्या, "बाही पुरी होईस्तोवर येईल रे. माझी चालू हाय."