क्लच जपणारा माणूस

सदर इसम वर्णाने निमगोरा, बांध्याने मध्यम, वय निवृत्तीच्या पलीकडचे. व्यवसाय: उद्वाहन तपासनीस, सेवानिवृत्त. कार्यकाळात शहरातील बहुतांश उद्वाहनांचे दोर, ब्रेक व दरवाजे तपासून ती मनुष्यवाहतुकीस योग्य अथवा अयोग्य असल्याचे प्रमाणित केले. वर्तणूक समाधानकारक. व्यसन नाही, शत्रू नाहीत. मित्रांविषयी माहिती उपलब्ध नाही. कुटुंब: पत्नी एक. मालमत्ता: दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि एक स्पोर्ट्स कार. सदर इसम तळमजल्यावर राहतो, कारण त्याचा लिफ्टवर विश्वास नाही.

इमारतीत त्यांना सगळे तपासनीसच म्हणतात. नोकरी संपली तरी हुद्दा अंगाला चिकटून राहिला, जसा काहींच्या अंगाला औषधाचा वास राहतो. बायको त्यांना ‘अहो’ म्हणते आणि रागावली की ‘अहो साहेब’.

ज्याने सगळी हयात सरळ वर आणि सरळ खाली जाण्यात काढली, त्याला कधीतरी आडवं, लांब आणि जोरात जावंसं वाटणारच. तपासनिसांना ते विशीपासून वाटत होतं. साठीनंतर त्यांनी जुनी चारचाकी विकली, साठवलेल्यात हात घातला आणि एका दंतवैद्याने वापरून सोडलेली गडद हिरवी स्पोर्ट्स कार दारात आणून उभी केली. दोन दारं, दोन माणसांची जागा, आणि जमिनीला इतकी लागून की कुत्र्याने वरून पाहावं. बायकोने तिचं नाव ठेवलं ठेंगणी. पहिल्या दिवशी आत शिरताना ती म्हणाली, “अहो, ह्यात बसायचं नसतं, पडायचं असतं. आणि उतरायला गडी लावा.”

ठेंगणीला क्लचचं पेडल नव्हतं. गिअर आपोआप पडत. दंतवैद्याची त्यामुळे अशी समजूत झाली होती की गाडीत क्लचच नाही, आणि तो गाडी त्याच समजुतीने चालवत असे. तपासनिसांनी माहितीपुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलं. हे काम दंतवैद्याने केलं नव्हतं. बहुधा जगात कुणीच केलं नसावं. क्लच होता. तोच जुना, चकतीवर चकती घासणारा; फक्त दाबायला माणसाच्या पायाऐवजी यंत्र होतं. आणि यंत्राला लाज नसते. चढावर ब्रेक न लावता नुसत्या ॲक्सिलरेटरवर गाडी तोलून धरली, किंवा गर्दीत इंचाइंचाने पुढे सरकवली, तर यंत्र बिचारं सांगितल्या कामाला क्लच अर्धवट धरून ठेवतं आणि चकती झिजत राहते, जळत राहते.

तेव्हापासून तपासनिसांचा एकच मंत्र झाला: एकतर जा, नाहीतर थांबा. सिग्नलला थांबले की ब्रेक आणि गिअर न्यूट्रलमध्ये. चढावर हँडब्रेक. रांगेत असतील तर पुढची गाडी हलली तरी हे हलत नसत. समोर चांगली जागा होऊ देत आणि मग एकदाच, ठामपणे, क्लच पुरता धरेल अशा बेताने निघत. त्या मोकळ्या जागेत अर्थातच दुसरे लोक घुसत. मागचे हॉर्न वाजवत. एकदा मागच्या टेम्पोवाल्याने उतरून विचारलं, “काका, गाडी बंद पडलीय का?”

“नाही. चालू आहे.”

“मग तुम्ही बंद पडलाय का?”

तपासनिसांनी त्याला क्लच समजावून सांगितला. टेम्पोवाला ऐकून निमूटपणे परत जाऊन बसला. तेवढ्यात आणखी दोघे पुढे घुसले.

हळूहळू त्यांचा शहराचा नकाशाच बदलला. चढ, सिग्नल आणि बाजार वगळल्यावर शहर जेवढं उरतं, तेवढ्यात ते फिरत. दूध आणायला नदीकाठचा सपाट रस्ता, म्हणजे अख्ख्या गावाला वळसा. दूध गरम होऊनच घरी यायचं. जोरात जाण्याचं काय, असं कुणी विचारलं तर म्हणत, “तसा रस्ता मिळू दे. तोवर क्लच शाबूत राहिला पाहिजे.”

या नव्या नकाशात ताईंचं घर बसत नव्हतं.

ताई म्हणजे बायकोची थोरली बहीण. आई लवकर गेली. धाकटीला शाळेत घालण्यापासून तिचं लग्न लावण्यापर्यंत सगळं ताईंनी केलं. टेलिफोन खात्यात ऑपरेटर होत्या. दिवसभर लोकांचे आवाज जोडायच्या, त्यामुळे की काय, घरी त्या हातांनी बोलत. ‘ये’ म्हणताना पंजा, ‘राहू दे’ म्हणताना मनगट, आणि एखाद्याची अक्कल काढायची असेल तर नुसतं एक बोट. त्यांचं घर वरच्या वस्तीत, गावातल्या सगळ्यात उभ्या चढावर. जुन्या गाडीतून तपासनीस नवराबायको दर रविवारी तिथे जात. ठेंगणी आली आणि रविवार थांबले. सुरुवातीला कारण चढाचं होतं. मग पाइप टाकायला त्याच रस्त्यावर खोदकाम निघालं, रांगा लागू लागल्या, आणि तपासनिसांना सरकारी कारण मिळालं.

“खोदकाम संपू दे. मग दर रविवारी.”

“मी टॅक्सीने जाते.”

“घरात गाडी असताना? लोक काय म्हणतील?”

“लोक काय म्हणतात ते रोज मागून हॉर्न वाजवून सांगतातच की.”

एकदा ती बसने गेली. बसची पायरी उंच, गुडघा जुना. परत येऊन आठवडाभर पडून होती. ताईंची नजर अधू झालेली, त्या खाली यायच्या राहिल्या. मग फोन. रोज सकाळी दोघी बोलत, अगदी भाजीत मीठ जास्त झालं इथपर्यंत. फोन ठेवला की बायको थोडा वेळ तशीच बसून राही. तपासनिसांनी एकदा विचारलं, “रोज बोलता की, मग आणखी काय पाहिजे?”

“फोनवर तिचे हात दिसत नाहीत,” ती म्हणाली आणि कपडे वाळत घालायला गेली.

मग ताईंच्या मुलाने त्यांना आपल्याकडे बोलावलं. तो समुद्रापलीकडे राहतो. तिथून माणसं सुट्टीला येतात, म्हातारी माणसं नाहीत. वरचं घर विकलं गेलं. जायचा दिवस ठरला. बायकोने त्या दिवसाआधी पाच-सहा वेळा विषय काढला. तपासनिसांनी प्रत्येक वेळी रस्त्याची चौकशी केली, आणि प्रत्येक वेळी रस्ता खोदलेलाच होता. शेवटी ती म्हणाली, “ती गेल्यावर मात्र रस्ता गुळगुळीत होईल हो.” त्यावर त्यांनी जाण्याच्या दिवशी सकाळी, नक्की, असं वचन दिलं. ताईंची टॅक्सी दुपारी येणार होती. भरपूर वेळ होता.

वेळ होता, पण चढाच्या पायथ्याला रांगही होती. खोदकामामुळे वर जाणाऱ्या दोन ओळी कासवाच्या चालीने सरकत होत्या. तपासनीस नियमाप्रमाणे थांबत, जागा होऊ देत, त्या जागेत कुणीतरी शिरत असे. अर्ध्या चढावर फोन वाजला.

“अगं, टॅक्सी आत्ताच आली,” ताई म्हणाल्या. “वर रांग आहे असं टॅक्सीवाल्याला कुणी सांगितलं, म्हणून लवकर आला. निघते मी. गाडी चुकायला नको.”

“आम्ही चढावरच आहोत.”

“असू दे. त्रास नको करून घेऊ. पोचल्यावर बोलू.”

बायकोने फोन मांडीवर ठेवला. ती बोलली असती तर तपासनिसांना उत्तर देता आलं असतं. उत्तर त्यांच्याकडे तयार असे. समोर जागा झाली होती. मागून हॉर्न वाजला. त्यांनी गाडी हलवली, पुन्हा थांबवली. हँडब्रेक ओढला.

थोड्या वेळाने बाजूच्या गल्लीतून एक टॅक्सी नाक खुपसत बाहेर आली आणि बायकोच्या बाजूच्या ओळीत घुसली. ताईंचा रस्ताही त्याच चढाने वर, माथ्यावरून स्टेशनकडे जायचा. टॅक्सीच्या मागच्या खिडकीतून एक हात बाहेर आला होता आणि शेजारच्या व्हॅनवाल्याला, अंगठा तर्जनीला लावून, किती जागा दिली असती तर त्याचं काय बिघडलं असतं ते दाखवत होता.

“ताई!” बायको ओरडली. “अहो, ताई! तो हात तिचाच!”

तिने काच खाली केली. टॅक्सी सरकत सरकत अगदी शेजारी येऊन थांबली. टॅक्सी उंच, ठेंगणी ठेंगणी. ताईंनी वरून हात खाली सोडला, हिने वर केला. बोटं बोटांत अडकली.

“छोटे? कुठे आहेस, दिसत नाहीस. जमिनीवर बसलीयस का?”

“ह्यांची गाडी अशीच आहे.”

ताईंचा हात चाचपत तिच्या डोक्यावर गेला आणि थांबला. “केस कापलेस?”

“मागेच.”

“बोलली नाहीस फोनवर.”

“केसांचं काय फोनवर सांगायचं.”

टॅक्सी अर्ध्या गाडीइतकी पुढे गेली. हात निसटला. तपासनिसांसमोरही तेवढीच जागा झाली होती. नियम स्पष्ट होता: एवढ्याशा जागेसाठी हलायचं नाही. बायकोने त्यांच्याकडे वळून पाहिलं.

“अहो.”

तपासनिसांनी हँडब्रेक सोडला आणि उजवा पाय ॲक्सिलरेटरला नुसता टेकवला. गाडी चढावर, अर्ध्या क्लचवर, वीतभर सरकली. मग आणखी वीतभर. खिडकीला खिडकी लागली.

मग ते तसेच चालवत राहिले. टॅक्सी सरकेल तेवढी सरकायची, थांबली की तोल धरायचा, कारण ब्रेक दाबून पुन्हा निघताना गाडी मागे यायची आणि हात सुटायचा. जो प्रकार माहितीपुस्तकात ठळक अक्षरांत, चौकटीत, करू नका म्हणून छापला होता, तो ते मन लावून करत होते.

“स्वेटर वर ठेवलायस ना बॅगेत? खाली नको. उतरल्या उतरल्या थंडी असते.”

“वरच आहे. आणि तुझ्या गुडघ्याचं तेल माझ्या शेजारणीकडे ठेवलंय, मागून घे. मोठं पातेलंही.”

“मोठं कशाला, आम्ही दोघं तर आहोत.”

“असू दे. मला काय तिकडे पातेल्याचं.” ताईंनी नाक वर केलं. “छोटे, जळकट वास येतोय गं. कुठे काही लागलंय का?”

“ह्यांचा जीव जळतोय. तू बोल.”

समोरच्या पटलावर तांबडी अक्षरं उमटली: क्लच तापला आहे, सुरक्षित जागी थांबा. तपासनिसांनी ती वाचली आणि त्यावर तळवा ठेवला, चारचौघांत नको ते बोलणाऱ्या पोराच्या तोंडावर ठेवावा तसा.

“जावईबापू,” ताईंनी वाकून हाक मारली, “फार सुरेख चालवता हो. जराही हिसका नाही. आमचा हा बघा, पोटातलं पाणी हलवतो नुसता.”

“हो ताई,” तपासनीस म्हणाले. त्यांना आणखी काही म्हणायचं होतं. ते शोधेपर्यंत टॅक्सी पुन्हा सरकली, आणि त्यांना गाडी सरकवावी लागली.

बहिणींचं बोलणं संपलं तरी हात राहिले. मग ताई अंगठ्याने धाकटीच्या मनगटावर काहीतरी गोल गोल करत राहिल्या आणि दोघी आपापल्या समोर बघत राहिल्या.

माथ्यावर खोदकाम संपलं. रस्ता अचानक मोकळा झाला आणि टॅक्सीवाल्याने, टॅक्सीवाल्याला शोभेल अशा रीतीने, गाडी सोडली. हात सुटले. खिडकीतून ताईंचा पंजा वर आला, मनगट वळलं, बोटं मिटली, पुन्हा उघडली. पुढे काय होतं ते वळणाने झाकलं.

तपासनिसांनी ॲक्सिलरेटर दाबला. इंजिन मोठ्याने गरजलं. गाडी हलली नाही. समोर रस्ता लांब, रुंद, रिकामा होता. ते शोधत होते तसा.

खोदकामावरच्या माणसांनी ठेंगणी ढकलून कडेला लावली. एकजण म्हणाला, “दिसायला विमान, ढकलायला चार माणसं.” नवराबायको आतच बसून राहिले.

“गेला का क्लच?”

“गेला.”

“नवीन मिळतो?”

“मिळतो.”

ती थोडा वेळ वळणाकडे बघत होती. “शेवटी काय म्हणाली ते कळलं नाही. हाताने काहीतरी म्हणत होती.”

“फोनवर विचार.”

“हाताचं काय फोनवर विचारायचं.” तिने काच वर केली. “आधी यायला हवं होतं आपण.”

“हो,” तपासनीस म्हणाले.

गाडी दुरुस्त झाली. गॅरेजने दिलेल्या अहवालात नमूद आहे: ‘बिघाडाचे कारण: क्लच अर्धवट अवस्थेत ठेवून चढावर वाहन दीर्घकाळ रेंगाळत नेण्याची चालकाची अयोग्य सवय. चालकास योग्य पद्धतीची माहिती नसल्याचे दिसते. सवयींत सुधारणा केल्यास नवीन क्लच दीर्घकाळ सेवा देईल.’ असे शेरे जन्मभर दुसऱ्यांवर मारलेल्या तपासनिसांनी तो वाचला आणि खाली सही केली. खोदकामही पुढे यथावकाश संपलं.

ठेंगणी आता तो चढ सहज चढते. वर त्यांचं कुणी राहत नाही.