जागृती गायकरची बाद फेरी

जागृती गायकर दर दोन-तीन महिन्यांनी सकाळी माझ्याकडे रक्त काढायला येते. ठाण्यातल्या एका लॅबमध्ये ती काम करते. माझी शीर पटकन सापडत नाही म्हणून लॅबवाले तिलाच पाठवतात. उंच, हडकुळी, केस घट्ट बांधलेले. पहिल्यांदा आली तेव्हा तिच्या पिशवीतून खेळायचे बूट बाहेर डोकावत होते. विचारलं तर म्हणाली, "काकू, तुमच्या बिल्डिंगमागे जे बास्केटबॉल कोर्ट आहे ना, तिथेच खेळते मी. कॅप्टन आहे."

कोपरीत इतकी वर्षं राहून मी त्या कोर्टकडे कधी नीट पाहिलं नव्हतं. त्यानंतर पाहायला लागले.

जागृतीचं गाव शीळफाट्याच्या अलीकडे. गाव म्हणायचं ते आता नावापुरतं. चहूबाजूंनी टॉवर, मध्ये देऊळ, तलाव आणि आगऱ्यांची पंचवीस-तीस घरं. तिचे वडील धाकू गायकर तरुणपणी कबड्डीत नाव कमावलेले. त्यांचं भाताचं शेत ज्या संकुलात गेलं, त्या संकुलात बास्केटबॉलचं कोर्ट झालं. जमीन दिलेल्यांच्या पोरांना तिथे खेळू द्यायचं, असं बिल्डरने तोंडी कबूल केलं होतं. बाकीची पोरं चार दिवसांत कंटाळली. जागृती जात राहिली. वॉचमन बदलला की नव्याला तिच्या वडिलांनी जाऊन सांगायचं, "ही जमीन आमचीच व्हती, पोरगी खेलल." पुढे कुणीतरी तिचा खेळ पाहिला आणि तिला कोपरीच्या आमच्या मंडळाच्या संघात आणलं.

या संघाला गेल्या वर्षी नवीन प्रशिक्षक मिळाले. सौमित्र करंदीकर, डोंबिवलीचे. आधीचे सर फार लाडके होते. सरावानंतर ते मुलींना वडापाव खाऊ घालत आणि संघ दर वर्षी पहिल्याच फेरीत हरत असे. करंदीकर सरांनी आल्या आल्या सगळं बदललं. उशीर झाला की सरावाला घ्यायचे नाहीत. मुलींना नावाने हाक न मारता जर्सीच्या नंबराने हाक मारायचे. कुणी चांगला बास्केट केला तर नुसती मान हलवायचे, आणि चुकलं तर ते अख्ख्या कोपरीला ऐकू जायचं. मी स्वयंपाकघरातून ऐकलंय. पण संघ जिंकायला लागला होता, हेही खरं.

मुलींनी हे सगळं सोसलंही असतं. त्यांच्या मनातून सर उतरले ते करिश्मामुळे.

करिश्मा कोळी ही आमच्या कोळीवाड्यातली. संघातली सगळ्यात ताकदवान मुलगी, अंगाने भरलेली. बास्केटखाली उभी राहिली की तिला हलवणं मुश्कील. तिची आई सगुणा प्रत्येक सामन्याला येते आणि पंचांनाही सोडत नाही. एका संध्याकाळी सरावात करिश्मा धावताना मागे पडली. सगुणाबाई कठड्याशी उभ्या होत्या. सर म्हणाले, "नंबर नऊ, तू कोर्टवर दोन खेळाडूंची जागा अडवतेस. वजन उतरव, मग बघू." काही मुलींना सवयीने हसू आलं आणि लगेच गिळावं लागलं. सगुणाबाई, ज्या कुणालाही ऐकवायला कमी करत नाहीत, त्या खाली मान घालून निघून गेल्या.

त्या दिवसापासून करिश्मा बाकावर. सामना असला की सर तिला शेवटची पाच मिनिटं खेळवायचे, तीही संघ पुढे असला तर.

अशातच जिल्ह्याच्या क्लब स्पर्धेत आमचा संघ साखळी पार करून बाद फेरीत पोहोचला. पाठोपाठ उपांत्यपूर्व सामनाही जिंकला. मंडळाचे अध्यक्ष रामाशेठ यांनी हंगामाच्या सुरुवातीलाच सांगून ठेवलं होतं, फायनल गाठली तर सरांना आणखी दोन वर्षं ठेवू, नाहीतर दुसरा माणूस बघू. म्हणजे आता सगळं उपांत्य सामन्यावर आलं होतं.

सामन्याच्या आदल्या दिवशी मुली स्टेशनबाहेर सँडविचच्या गाडीपाशी जमल्या. दक्षता सगळ्यात तिखट. ती म्हणाली, "उद्या हरलो की हा माणूस जातोय. आपल्याला काही करायचंच नाहीये. फक्त जीव नाही काढायचा. बस."

समिधाला ते पटलं नाही. "माझं हे शेवटचं वर्ष आहे यार. मी बंगळूरला चाललेय नोकरीला. मला फायनल खेळायचीये."

"मग खेळ ना. त्यांच्यासाठी मर, जा."

"त्यांच्यासाठी कोण बोलतंय?"

सगळ्यांनी करिश्माकडे पाहिलं. तिने सँडविच संपवलं, हात पुसले आणि म्हणाली, "माझ्याकडे काय बघताय? मी तर बाकावर बसणार आहे." मग त्या जागृतीकडे वळल्या. कॅप्टन काय म्हणते? कॅप्टनने स्कूटीची चावी काढली. काही न ठरताच सगळ्या पांगल्या, आणि काही ठरलं नाही म्हणजे दक्षताचंच ठरलं, असं जागृतीला स्कूटी चालवताना सारखं वाटत राहिलं.

घरी तिने वडिलांना सांगितलं. धाकू गायकर बराच वेळ हसत राहिले. "हराचा असल त नाटक कराला लागल. जमल का तुमाना?"

"बाबा, मी सिरीयसली विचारतेय."

"मी पन. आमचे कप्तानाचा तोंड कोनाला आवरत नव्हता. पन चढाई आली की सामनेवाल्याचा पाय पकरायचा, येवराच दिसायचा. तवा कप्तान कुटं आठवतो?" मग म्हणाले, "पन आमचे कप्तानानं कोनाचे आयसमोर कोनाला असा बोलला नव्हता. त्ये बी हाय."

सामना कल्याणला होता, पत्र्याच्या शेडखालच्या कोर्टवर, दुपारचा. मंडळाने बस केली होती, मीही गेले होते. मला त्या खेळातलं फार कळत नाही, पण पहिल्या अर्ध्यात आपल्या मुलींना काहीतरी झालंय हे मलाही दिसलं. पास द्यायचा पण जरा उशिरा. धावायचं पण शेवटचं पाऊल टाकायचं नाही. एकीकडेही बोट दाखवून हिचं चुकलं म्हणता आलं नसतं. जागृती मात्र पूर्ण जोर लावून खेळत होती आणि एकटीच दमत होती. मध्यंतराला संघ चौदा गुणांनी मागे होता. माझ्या शेजारी सगुणाबाई मांडीवर डबा धरून गप्प बसल्या होत्या.

नंतर जागृती मला म्हणाली, "काकू, सगळ्यात वाईट काय वाटलं माहितीये? समिधापण हळू खेळायला लागलेली. तिला फायनल पाहिजे होती. पण चारजणी सोडतात ना, तेव्हा पाचवीला आपण मूर्ख वाटायला लागतो."

तिसऱ्या भागात सरांनी टाइम-आउट घेतला. मुली बाकाच्या दुसऱ्या टोकाला गेल्या आणि सरांकडे पाठ करून त्यांनी आपला वेगळा गोल केला. सर हातात चाली आखायची पाटी घेऊन उभे. सगळं शेड बघत होतं. मला त्या माणसाची कीव आली, आणि शेजारी सगुणाबाई बसल्या होत्या म्हणून त्या कीवेची लाजही वाटली.

"कॅप्टन," सरांनी हळूच हाक मारली. जागृती गोलातून निघून त्यांच्याजवळ गेली.

"त्या माझं ऐकणार नाहीत, असंच ना?"

"नाही ऐकणार, सर."

"मग तू सांग. करिश्मा आत जाऊ दे. बॉल थेट तिच्या हातात द्या आणि बाकीच्यांनी तिच्या बाजूने आत धावायचं. त्यांची बास्केटखालची सेंटर पाठीमागे बघतच नाही. करिश्माला एकटीने अडवणं तिला जमणार नाही, दोघी आल्या की कुणीतरी मोकळी सुटेल. माझं नाव घेऊ नकोस."

"तुम्हीच तिला बसवून ठेवलंत."

"त्यावर आता बोलायला वेळ नाहीये. जा."

जागृतीने गोलात येऊन तेच सगळं आपलं म्हणून सांगितलं. दक्षताने विचारलं, "आणि त्याने नाही घेतलं तिला आत तर?" "घेतील. जा करिश्मा, स्कोअररच्या टेबलवर सांग," जागृती म्हणाली. करिश्माने एक क्षण तिच्याकडे पाहिलं, मग जॅकेट काढलं.

पुढचं मी डोळ्यांनी पाहिलं. पहिला बॉल करिश्माच्या हातात गेला, तिच्यावर दोघी धावल्या, तिने मागे न बघता बॉल समिधाला दिला आणि बास्केट झाला. पुन्हा तेच. मग तिसऱ्या वेळी तिने दिलाच नाही, स्वतः वळून टाकला. सगुणाबाई उठून उभ्या राहिल्या ते शेवटपर्यंत बसल्या नाहीत. हळूहळू बाकीच्यांच्या पायांत जीव आला. आदल्या दिवशी जिने जीव काढायचा नाही म्हणून सांगितलं होतं, ती दक्षता रेषेबाहेर जाणाऱ्या बॉलसाठी उडी मारून थेट प्रेक्षकांच्या खुर्च्यांत पडली. कोपर सोललं. उठली आणि पहिलं काय विचारलं? "बॉल कुणाचा?"

सामना दोन गुणांनी जिंकला. मुलींनी जागृतीला उचलून घेतलं. "कॅप्टनची चाल!" सर बाकाजवळ पाण्याच्या बाटल्या गोळा करत होते.

जागृतीला ती शाबासकी टोचायला लागली. फायनलच्या आधीच्या सरावाला सर यायच्या आत तिने सगळ्यांना सांगून टाकलं, "ती चाल माझी नव्हती. सरांनी सांगितलेली."

मग करिश्मा बूट बांधता बांधता म्हणाली, "माहिती होतं मला."

"कसं?"

"मला आत घ्यायचं की नाही ते सर ठरवणार ना? तू बोललीस 'घेतील', तेव्हाच समजलं."

"मग तरी तू..."

"मग काय करू? बॉल हातात आला. टाकून देऊ? तुम्ही चौघी धापा टाकताय समोर." ती उठली. "त्या वेळी सर नव्हते गं डोक्यात. आईपण नव्हती. ती सेंटर होती फक्त, आणि ती मागे बघत नव्हती."

फायनल डोंबिवलीत झाली. आपल्या मुली हरल्या, पण त्यांचा खेळ बघून समोरच्या संघाची माणसंही टाळ्या वाजवत होती. करिश्मा पहिल्यापासून खेळली.

आठवड्याभराने रामाशेठने मंडळाच्या कार्यालयात सगळ्यांना बोलावलं. पेढे ठेवले होते. फायनल गाठली होती, सरांना ठेवायचं हे ठरल्यासारखंच होतं. तरी रामाशेठने रीत म्हणून विचारलं, "पोरींनो, कुनाला काय बोलायचंय?" सर तिथेच बसले होते. करिश्मा उभी राहिली.

"सर खेळ चांगला शिकवतात. कल्याणची चाल त्यांची होती, ती भारी होती. पण ते माझ्या आईसमोर मला जे बोलले ते मी विसरलेली नाहीये. मी सामन्यात खेळ सोडला नाही, म्हणजे मी माफ केलं असं नाहीये. एवढंच."

सर म्हणाले, "मला वाटलं होतं, त्या दिवशी तुला आत घेतलं तेव्हा ते मिटलं."

"नाही मिटलं, सर."

करंदीकर सरांनी चष्मा काढला, पुन्हा घातला. "चुकलं माझं," ते म्हणाले. "तुझ्या आईंनाही येऊन सांगतो." ते खरोखरच गेले, दुसऱ्या दिवशी, कोळीवाड्यात. सगुणाबाईंनी त्यांना बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं, ऐकून घेतलं. "बरा झाला आलाव," एवढंच म्हणाल्या. चहा मात्र विचारला नाही. कोळीवाड्यात दारी आलेल्याला चहा न विचारणं ही लहान गोष्ट नव्हे.

सर राहिले. महिन्याभरात करिश्मा संघ सोडून कळव्याच्या एका क्लबात गेली. भांडण नाही, रुसवा नाही. हंगाम संपला, आणि ती गेली.

जागृती त्याबद्दल खूप विचार करते. रक्त काढताना सुई टोचायच्या आधी गप्पा मारायची तिची सवय आहे, म्हणजे माणूस घाबरत नाही. मागच्या खेपेला म्हणाली, "लोकं बोलतात ना, नावडत्या कोचला पोरं ऐन मोक्याला सोडून देतात. आम्ही सोडलेलं, काकू. अर्धा सामना सोडलेलं. मग कुणी काही न सांगता परत धरलं. करिश्माला सोडायचंच होतं, ते तिने सगळं संपल्यावर सोडलं. मला वाटतं, तेच बरोबर. पण मग मी राहिले ते चूक का?"

मी म्हटलं, "तुला काय वाटतं?"

"सरांकडून मला अजून शिकायचंय. आणि ते आता जरा बरे वागतात. पण ती गेल्यावर बरे वागतात, याचा मला राग येतो." तिने सुई काढली, कापूस दाबून धरायला सांगितलं.

गेल्या रविवारी ती कळव्याला करिश्माचा सामना बघायला गेली होती. सगुणाबाईंच्या शेजारी बसून तिने घसा बसेपर्यंत आरडाओरडा केला. सामना संपल्यावर करिश्मा घामाने निथळत आली आणि म्हणाली, "इथे ये ना तू पण. गार्ड पाहिजेच आहे आम्हाला."

जागृती नाही म्हणाली. दुसऱ्या दिवशी तिचा करंदीकर सरांकडे सराव होता. करिश्माने मान डोलावली, आणि मग दोघी सगुणाबाईंनी आणलेला डबा उघडून कोर्टच्या कडेलाच खायला बसल्या.