शेजारच्या सीटचा ब्रेक

दीड तासाच्या रस्त्याची तयारी कुणी आठवडाभर करतं का हो? आमच्याकडे चालली होती. शेजारचं शहर ते काय, मधे एक हायवे, एक टोलनाका आणि नदीवरचा लांब पूल. लोक सकाळी डबा घेऊन तिकडे कामाला जातात आणि संध्याकाळी घरी येऊन जेवतात. आणि आमचे हे, ज्यांनी अर्ध्या शहराला गाडी शिकवली, ते जेवणाच्या टेबलावर चमचे मांडून बसले होते.

"अगं, हे चमचे म्हणजे हायवे. ही मिठाची बाटली म्हणजे पेट्रोल पंप. आणि ही काडेपेटी आपली गाडी."

"आणि मी कोण? चहाची गाळणी?"

एरवी माझ्या असल्या बोलण्यावर हे गालातल्या गालात हसतात. त्या दिवशी नाही हसले. काडेपेटी बोटाने पुढे सरकवत राहिले.

कारण तसंच होतं. आमची लेक बाळंत झाली होती. लग्नाला नऊ वर्षं झाल्यावर, दोनदा हातातोंडाशी आलेलं गेल्यावर, हे मूल. दवाखान्यातून सोडलं की रविवारी दोघांना इकडे आणायचं, दोन महिने तिने माझ्याकडे राहायचं, असं ठरलं. जावयांकडे गाडी नाही, स्कूटर आहे, आणि त्यांना सुट्टीही मिळेना. मी फोनवर टॅक्सीचं नाव काढलं तर पोरगी फणकारली. "आई, माझं बाळ मी फक्त बाबांच्या गाडीत बसवीन. दुसऱ्या कुणाच्या हातात नाही देणार."

हे ऐकून ह्यांची छाती फुगली. लगेच चेहराही उतरला. तो उतरलेला मी पाहिला, पण मला वाटलं, पित्त झालं असेल.

ह्यांना सगळे 'मास्तर' म्हणतात. जिन्याखाली एक छोटं ऑफिस, त्यात दोन खुर्च्या, भिंतीवर रस्त्यावरच्या खुणांचा तक्ता आणि बाहेर उभी ती पांढरी गाडी. त्या गाडीत शेजारच्या सीटपुढेही ब्रेक असतो, मास्तरांसाठी. शिकणाऱ्याने घोळ घातला की मास्तर आपल्या पायाने गाडी थांबवतो. सगळी हयात ह्यांनी त्या सीटवर काढली. बसमध्ये बसले तरी ह्यांचा उजवा पाय जमिनीवर ब्रेक दाबतो. जेवणाच्या टेबलाशी बसून टीव्हीत कुणी गाडी जोरात नेली तरी दाबतो. आमच्या सतरंजीला तिथे भोक पडलंय, खोटं नाही सांगत.

शिष्यांवर हे कधी ओरडले नाहीत. नर्स, शिंपी, रिटायर झालेल्या हेडमास्तरीणबाई, पहिल्याच दिवशी रडणारे एक वकील, सगळ्यांना सारख्याच शांतपणे शिकवलं. फक्त मला शिकवायला घेतलं तेव्हा पहिल्या वळणावर हे ओरडले, दुसऱ्या वळणावर मी ओरडले आणि तिसऱ्या वळणावर मी उतरून चालत घरी आले. घरात एकच ड्रायव्हर बरा, असं आमचं तेव्हाच ठरलं.

त्यांचा एक धडा मात्र सगळ्यांना पाठ. धुकं असो, आंधळं वळण असो, पुढे उभा ट्रक असो, हे विचारायचे, "दिसत नसेल तर?" आणि शिष्याने म्हणायचं, "थांबायचं, सर." आमच्या लेकीला अठराव्या वर्षी शिकवलं तेव्हा ती घरातही म्हणायची. लाइट गेले की अंधारातून ओरडायची, "दिसत नसेल तर? थांबायचं!"

तीन वर्षांपूर्वी ह्यांनी नवीन पद्धत काढली. 'बोलत चालवा.' गाडी चालवताना जे जे दिसेल ते मोठ्याने सांगायचं. समोर बस, डावीकडे सायकल, उजवीकडून रिक्षा येतेय. त्याने लक्ष राहतं म्हणे. लोकांना इतकं आवडलं की दुसऱ्या मोटार स्कूलवाल्यांनीही ते उचललं. मी तर चार बायकांत मिरवत होते, आमच्या ह्यांचं डोकं बघा.

तर तो आठवडा. हवा भरून आणली, स्टेपनी तपासली, आरसे तीनदा पुसले. ऊन चांगलं वर आल्यावर निघायचं, उन्हं उतरायच्या आत परत. पुलावर मधल्या लेनमधून जायचं, ओव्हरटेक नाही, फाट्यावर वळताना दोन मिनिटं थांबायचं. एवढं सगळं ऐकून मी म्हटलं, "अहो, बाळ आणायला चाललोय की तोफ?"

"तू पुढे बसायचंस," ते म्हणाले. "आणि बोलत राहायचं. डावीकडून काय येतंय, उजवीकडून काय येतंय, सगळं."

"या वयात मला शिष्य करताय का?"

"शिष्य नाही गं. सोबत म्हणून."

मला बरंच वाटलं हो. खोटं कशाला बोलू.

गुरुवारी मी त्यांचा चहा नेहमीसारखा कोपराजवळ ठेवला. ते काडेपेटी फाट्यावरून वळवत होते. हात फिरला आणि कप गेला. चहा सगळ्या हायवेवरून वाहत माझ्या साडीवर आला.

"इथे कप कधी ठेवलास?"

"तुमच्या डोळ्यांदेखत ठेवला!"

ते फडकं घेऊन टेबल पुसायला लागले आणि अर्धा चहा तसाच राहिला, डाव्या अंगाचा. मी उभी राहून बघत होते आणि एकेक आठवायला लागलं. दाराची चौकट खांद्याला लागून पडलेला काळा डाग. जिन्यात शेजारीण हसली तरी न हसता पुढे जाणं आणि तिचं ते "मास्तरांना गर्व झालाय". बाजारात माझा दंड धरून चालणं. ते तर मला फार आवडायला लागलं होतं. मला वाटलं, म्हातारपणी प्रेम उतू चाललंय.

पण पेपर तर हे घडघडा वाचतात! सुईत दोरा ओवून देतात मला. घोडं कुठे पेंड खातंय ते कळेना. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही, आणि सकाळी मी सांगितलं, "मला बाजारात सोडा, मागच्या सीटवर बसते."

"शिकवणी आहे माझी."

"असू दे. मी काय तुमचं स्टिअरिंग खाणार नाही."

त्या दिवशी शिकायला दातांची डॉक्टरीण होती, पोरसवदा, गोड. ती बोलत होती, "समोर टेम्पो. डावीकडे स्कूटर उभी. उजवीकडे काही नाही." हे मान हलवत होते, "छान. मग?" सगळं अगदी सुरळीत. मला स्वतःचीच लाज वाटायला लागली.

चौकाशी मागून कुणीतरी जोरात हॉर्न मारला. डॉक्टरीण गांगरली आणि गप्प झाली. गाडी हळूहळू पुढे जातच होती. फुटपाथवरून एक म्हातारा काठी टेकत खाली उतरला, गाडीच्या अगदी कडेला. तिचं लक्ष आरशात. आणि हे? हे समोर बघत बसले होते. शांत. एखादा माणूस आपल्या गॅलरीत बसतो ना, तितके शांत.

"अहो, माणूस!"

मी किंचाळले तेव्हा कुठे ह्यांनी ब्रेक दाबला. गाडी थांबली. म्हाताऱ्याने बॉनेटवर काठी आपटली, आमच्या सात पिढ्यांचा उद्धार केला आणि निघून गेला. डॉक्टरीण रडवेली झाली. "सॉरी सर, मी बोलायचं थांबले."

"तुमचं नाही चुकलं," हे म्हणाले.

घरी आलो. मी दार लावलं.

"किती दिवस?"

"तीन वर्षं."

"म्हणजे ते 'बोलत चालवा'..."

त्यांनी मान हलवली. काचबिंदू. बाजूची नजर गेली, ती परत येत नाही. औषधाने उरलेली टिकते. औषधाची बाटली गाडीच्या खणात ठेवलेली, मला दिसू नये म्हणून. मला गाडीतलं ओ की ठो कळत नाही, तेव्हा मी तो खण कशाला उघडतेय!

"डॉक्टरांनी गाडी बंद करायला सांगितलं असेल ना?"

"सांगितलं."

"आणि तुम्ही तीन वर्षं लोकांच्या लेकीसुना त्या सीटवर बसवल्यात! एखादी गप्प बसली असती तर?"

"मी गप्प बसू देत नव्हतो," ते म्हणाले.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. इतक्या वर्षांच्या संसारात मी ह्यांना पुष्कळ बोलले, पण त्या दिवसासारखं कधी नाही. "आजची गप्प बसली ना! तो म्हातारा कुणाचा तरी बाप असेल. आणि रविवारी? मागे आपली पोर, तिच्या मांडीवर ते एवढंसं बाळ, आणि मला पुलावर एक शिंक आली असती तर? सांगा ना, एक शिंक!"

ते खुर्चीत बसले. म्हणाले, "तिने दुसऱ्या कुणाचं नावच घेतलं नाही गं. म्हणाली, फक्त बाबा. मी तिला काय सांगू? मला दुसरं येतं काय?"

मला त्यांची दया आली आणि रागही तेवढाच राहिला. दोन्ही एकदम असतात, हे मला त्या दिवशी कळलं.

"आधी शिष्यांना फोन करा," मी म्हटलं. "मग पोरीला. मी सांगणार नाही. तुम्हीच सांगायचं."

शिष्यांना त्यांनी दुपारी एकेक करून फोन केले. शाळा बंद, उरलेले पैसे परत देतो, कारण डोळे. हेडमास्तराने निकाल वाचावा तसं सांगितलं, ना कमी ना जास्त. पण लेकीचा नंबर काही लावेनात. पाणी प्यायले. चष्मा पुसला. खाली जाऊन गाडीचे आरसे पुन्हा पुसून आले! मी हाक मारली नाही. शेवटी संध्याकाळी तिचाच फोन आला. मी स्पीकर लावून फोन टेबलावर ठेवला, त्या चमच्यांच्या मधे.

"बाबा! उद्या सोडतायत आम्हाला. रविवारचं पक्कं ना? हवा भरली? आई पुढे बसणार की मागे माझ्याजवळ?"

"भरली," हे म्हणाले. "ऊन वर आलं की निघायचं. टोलनाक्यापुढे चहा. पुलावर मधली लेन..."

आणि थांबले. माझ्याकडे बघितलं, बरोबर माझ्या चेहऱ्याकडे.

"पोरी, माझी नवी पद्धत माहीत आहे ना तुला?"

"बोलत चालवा. हो. का?"

"मग ऐक. मला काय दिसतंय ते बोलतो." त्यांनी टेबलाची कड घट्ट धरली. "समोरचं दिसतंय. डावीकडचं दिसत नाही. उजवीकडचं दिसत नाही. तीन वर्षं झाली."

पलीकडून मग बाळाचं कुरकुरणं ऐकू आलं, आणि तिचं त्याला थोपटणं. मला वाटलं, आता फोन ठेवते ही. पण मग ती बोलली, आणि शपथेवर सांगते, तो आवाज त्या अठराव्या वर्षाच्या पोरीचा होता.

"बाबा. दिसत नसेल तर?"

ह्यांचे ओठ हलले. एवढ्या माणसांकडून वदवून घेतलेला एक शब्द, आणि स्वतःच्या तोंडून निघेना.

"दिसत नसेल तर, बाबा?"

"थांबायचं," ते म्हणाले.

मग ती रडली. मग चिडली, माझ्यासारखीच. आईला कधी सांगितलं, कुणाला लागलं का, तीन वर्षं तुम्ही आम्हाला भेटायला स्वतः चालवत येत होतात का. येत होते. एकटे, मी दर वेळी गुडघ्यांचं कारण सांगून घरी राहिले की. हे सगळ्याला "हो" म्हणत गेले, एकदाही सबब सांगितली नाही.

शेवटी ती शांत झाली. नाक ओढत म्हणाली, "मधलं दिसतं ना?"

"मधलं स्वच्छ दिसतं."

"मग टॅक्सीने या दोघं. बाळ मी मधे धरीन."

मी फोन बंद केला. चमचे गोळा केले, काडेपेटी गॅसपाशी नेऊन ठेवली. परत आले तरी हे तसेच बसले होते, मान खाली घालून. टेबलाखाली त्यांचा उजवा पाय सतरंजीवर, त्या भोकावर, घट्ट दाबलेला होता. मी शेजारची खुर्ची ओढून बसले. त्यांनी बराच वेळ तो पाय उचलला नाही.