जनीने धरलेली टाच

बाळकुमच्या कोळीवाड्यातली जनी तान्ह्या बाळांना न्हाऊमाखू घालते. म्हणजे घालायची. मी तिची शेजारीण, दहा वर्षं बघतेय. घोडबंदर रोडच्या टॉवरांमधली शेकडो बाळं तिच्या पायांवर आडवी झाली. अथेना, ओरायन, हेलिऑस अशी त्या टॉवरांची ग्रीक नावं. जनीच्या जिभेला ती वळत नाहीत. ती आपली पहिला, मधला आणि गेटाजवळचा म्हणते. त्या परक्या देवादिकांनी तिचं कधी काही वाकडं केलं नव्हतं.

मालिश झाली की ती बाळाला दोन्ही टाचांना धरून क्षणभर उलटं लोंबतं ठेवायची. अंग मोकळं होतं म्हणे. नव्या आया डोळे मिटून घ्यायच्या, बाळ मात्र खुदकन हसायचं. स्वतःच्या लेकीला, मेघालीलाही तिने असंच वाढवलं आणि ती पोरगी कबड्डीत सात जणींच्या कचाट्यातून निसटायला लागली.

नवरा गेल्यावर जनीची सगळी भिस्त लेकीच्या पायांवर. खेळाडूंच्या राखीव जागेतून मेघालीला सरकारी नोकरी मिळणार होती. वयाच्या अटीत बसायचं हे शेवटचं वर्ष. चाचणीला आठ दिवस असताना सरावात टाचेमागे काडकन आवाज झाला आणि ती मैदानातच खाली बसली.

दवाखान्यात मी सोबत होते. तरुण डॉक्टर म्हणाला, "अकिलीस तुटलाय, टाचेमागची दोरीसारखी शीर. ऑपरेशन, आणि सहा-आठ महिने खेळ बंद." मग जनीचा चेहरा पाहून, तिला बरं वाटावं म्हणून, त्या नावाची गोष्ट सांगायला बसला. कुणी विचारलं होतं मेल्याला? अकिलीस नावाचा ग्रीक वीर होता. तान्हेपणी आईने त्याला मंतरलेल्या नदीत बुडवलं, म्हणून अंगाला शस्त्र लागेना. पण आईने धरलेली टाच कोरडी राहिली आणि बाण नेमका तिथेच बसला.

जनीने हात पदराखाली घेतले.

"डागदर, मी पन तिला तितंच धरायची."

मेघाली हसली. "आये, गोष्ट हाय ती. खरी नाय."

दुसऱ्या दिवसापासून जनी कामाला गेली नाही. मी समजावलं, रागावले. शेवटी मोठ्या हुशारीने म्हटलं, "अगं, शेकडो पोरं धरलीस, कुणाची टाच तुटली का?"

"ती अजून ल्हान हायत, बाय," ती म्हणाली.

पावसाळा संपता संपता निवडीची यादी लागली. त्यात मेघालीच्याच संघातल्या दोघी होत्या. मेघाली दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून होती. संध्याकाळी जनीने कित्येक महिन्यांनी तेल कोमट केलं, लेकीच्या पायाशी बसली आणि दुखऱ्या टाचेकडे हात नेला.

मेघालीने पाय आखडून घेतला. या वेळी ती हसली नाही.

"तिथं नको धरू, आये."

जनी वाटी उचलून मोरीत गेली आणि तेल ओतून आली.