बोटीतून उतरल्यावर डावीकडे

“बोटीतून उतरलं की सगळे उजवीकडे जातात. तू डावीकडे जा.”

हे वाक्य मी किती वेळा ऐकलं, त्याला गणती नाही. अमेरिकेत, आमच्या बॉथेलच्या ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत मायक्रोवेव्हपुढे रांग लागायची आणि डबा हातात धरून माझा तिथला एक मित्र सुरू व्हायचा. ग्रीसमधलं समुद्राकाठचं एक एवढंसं गाव. वर पडका किल्ला, खाली कासवं अंडी घालतात तो किनारा. बुधवारी बोट नसते. किल्ल्याच्या वाटेवर तिसऱ्या वळणाला अंजिराचं झाड आहे, तिथे थांबायचं. तुमच्याही ओळखीत असा एखादा सर्वज्ञ असेलच. फरक इतकाच, की हा त्या गावात कधी गेलेला नव्हता.

लग्नाच्या दहाव्या वाढदिवसाला त्याने बायकोसाठी तिथली खोली बुक केली होती. पण तो नोकरीच्या व्हिसावर. देशाबाहेर गेलं, की परत येण्यासाठी पासपोर्टवर नवा शिक्का घ्यावा लागणार. मागे एकदा त्याच शिक्क्यासाठी तो मुंबईत तीन महिने अडकला होता आणि नोकरी जाता जाता वाचली होती. व्हिसाचं काम बघणाऱ्या वकीलबाईंनी ‘नको’ म्हणून मान हलवली, त्याने बुकिंग कॅन्सल केलं. पुढे दर वर्षी मी विचारायची आणि तो म्हणायचा, “वकीलबाई म्हणतात, आत्ता नको.” ग्रीन कार्डच्या रांगेत त्याची बारा वर्षं गेली. मुलगी नागपूरहून आली तेव्हा कडेवर होती, ती ड्राइव्ह करायला शिकली.

मी आणि माझा नवरा गेल्या वर्षी सिटिझन झालो आणि ग्रीसला निघालो. त्याच्याच गावी, कारण दुसरं कुठलं गाव निवडायची सोय त्याने ठेवलीच नव्हती. निघताना त्याने चार पानी यादी पाठवली. नवरा म्हणाला, “यार, सुट्टीला चाललोय की परीक्षेला?”

गाव खरंच सुंदर होतं, हे आधी सांगून टाकते. पण आमची संध्याकाळ म्हणजे त्याची सकाळ. पाण्यात पाय सोडून बसावं, की फोन वाजलाच. किल्ला झाला का? कुठल्या वाटेने गेलात? अंजिराला फळं आहेत का? जाहिरातवाल्यांनीही इतका पिच्छा पुरवला नसता.

तिसऱ्या दिवशी त्याने व्हिडिओ कॉल केला. त्याला यादीतली जुनी बेकरी पाहायची होती. पायऱ्या चढून धाप लागलेली, उन्हाने डोकं भणभणलेलं, आणि बेकरीच्या जागी स्कूटर भाड्याने देणारं दुकान.

“बंद झालीय रे.”

“असं कसं? नीट बघ. मागच्या बाजूला भट्टी असेल.”

“नाहीये.”

“अगं, एकदा मागे जाऊन तर बघ!”

“इतकं माहीत आहे तर स्वतः ये ना एकदा!” मी ओरडले.

पडद्यावर त्याचा चेहरा तसाच राहिला. हातात ब्रश होता, दाढीला साबण. “हो, बरोबर आहे,” तो म्हणाला. “नेटवर्क जातंय वाटतं.” नेटवर्क उत्तम होतं.

उरलेले चार दिवस फोन वाजला नाही. नवरा खूश होता. मला मात्र काही पाहावंसं वाटेना. ज्याचं जळतं त्याला कळतं म्हणतात. मला तर सगळं माहीत होतं, तरी मी नेमकं तिथेच बोट घातलं. लाज वाटत होती मला.

परतल्यावर पहिल्याच दिवशी माफी मागायची ठरवून लवकर गेले. त्याच दिवशी आमच्या मजल्यावरची अकरा माणसं काढली, त्यात तो होता. त्याला माझ्याशी बोलायलाही वेळ मिळाला नाही. साठ दिवसांत दुसरी नोकरी नाही तर देश सोडायचा, असा नियम.

नोकरी मिळाली नाही. शेवटच्या आठवड्यात मी त्याच्या घरी गेले. दिवाणखान्यात फक्त खोकी होती. मी माफी मागितली. तो म्हणाला, “बेकरी बंद झाली ते कळलं, बरं झालं. यादीतून काढली मी.”

“आता तरी जा तिथे,” मी म्हटलं. “परत यायचंच नाही तर शिक्क्याची भीती कसली? वाटेत चार दिवस उतरा.”

“बघितलं ना मी. तिकडच्या व्हिसाची अपॉइंटमेंट मिळतेय, पण आमच्या साठाव्या दिवसानंतरची.”

दुष्काळात तेरावा महिना तो हा. मी इतकी चिडले, की त्याच्या बायकोनेच मला पाणी आणून दिलं. चिडायचं कोणावर, हेच कळत नव्हतं. तो शांतपणे खोक्यांना टेप लावत होता. मला त्याच्या शांतपणाचाही राग आला.

ते निघाले त्या दिवशी मी ऑफिसात मीटिंगमध्ये होते. विमानातून त्याचा मेसेज आला. खिडकीतून काढलेला एक फोटो आणि खाली एक ओळ: “नकाशावर दाखवतंय, आत्ता बरोब्बर गावाच्या वर आहोत.”

मी फोटो मोठा करून पाहिला. पुन्हा पाहिला. नुसते ढग होते.